प्लेअरला चालते, एडिटरला चालत नाही

पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नांची आता रौप्यमहोत्सवी वर्षं सुरू आहेत. घराघरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यातून पारदर्शक पाकिटांतल्या तबकड्या खाली उतरत आहेत. हॉलवर पडदा लावून जुन्या लग्नातली दहा मिनिटं दाखवायची असं ठरतं, आणि घरात ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशा भाच्याच्या किंवा पुतणीच्या हाती डीव्हीडी सोपवली जाते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह कुठून तरी पैदा केला जातो, फाइली कॉपी होतात, व्हीएलसीमध्ये अंतरपाट दिसतो, सनई ऐकू येते. तीच फाइल प्रीमिअर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्हमध्ये ओढली की मात्र ती आतच येत नाही, किंवा आली तर मुकी येते. कधी दीड तासाचं लग्न तेरा मिनिटांत आटोपतं.

अशा वेळी बहुतेक जण सॉफ्टवेअरला दोष देतात. ते काढून पुन्हा टाकतात, नाहीतर कुठून तरी ‘कोडेक पॅक’ उतरवून बसवतात. हा दुसरा उपाय तर टाळावाच. आजच्या एडिटरांचे प्रश्न त्याने सहसा सुटत नाहीत आणि भलतेच सुरू होतात. प्लेअर हा वाचकासारखा असतो; एखादा शब्द पुसट असला तर तो अंदाजाने पुढे जातो. एडिटर हा मुद्रितशोधक. त्याला प्रत्येक चौकट, तिची नेमकी वेळ आणि तिच्यासोबतचा आवाज मोजूनमापून हवा असतो, कारण तो कुठेही कात्री चालवणार असतो. डीव्हीडीवरची फाइल पहिल्या कामासाठी बनवलेली आहे, दुसऱ्यासाठी नाही. त्यामुळे एडिटरच्या सेटिंगमध्ये डोकं घालण्याआधी त्या फाइलीचं रूप बदलणं हाच बहुतेक दुखण्यांवरचा इलाज ठरतो.

तबकडी उघडली की ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर दिसतो. त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा तीन जातींच्या फाइली असतात. चित्र आणि आवाज व्हीओबीत असतो; कोणता भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो याचा नकाशा आयएफओत, आणि त्या नकाशाची जादा प्रत बीयूपीत. एक व्हीओबी साधारण १ जीबीपेक्षा मोठी नसते, म्हणून एकच लग्न चार-पाच तुकड्यांत विभागलेलं असतं. हे तुकडे प्रसंगांप्रमाणे पडलेले नसतात. आकार भरला की फाइल तुटते, मग नवरी ‘नाव घेण्याच्या’ मधोमध का असेना. नावाच्या शेवटी शून्य असलेली व्हीओबी बहुधा मेन्यूची असते. तीच ओढून ‘यात तर काहीच नाही’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

विकत आणलेल्या चित्रपटांच्या तबकड्यांचा मामला वेगळा. त्यांवर सीएसएस नावाचं कुलूप असतं, आणि त्या साध्या पद्धतीने कॉपी केल्या तर पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन नाचतात. हँडब्रेकसारखं लोकप्रिय साधन स्वतःहून हे कुलूप उघडत नाही, ते स्रोत सापडला नाही असं सांगून मोकळं होतं. भारतात २०१२च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात कलम ६५ अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण मोडणं हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पुढचं सगळं विवेचन घरच्या तबकड्यांपुरतं: लग्न, मुंज, बारसं, गॅदरिंग, शाळेचं नाटक. स्थानिक व्हिडिओवाल्याने बनवून दिलेल्या अशा डीव्हीडीवर सहसा कुलूप नसतं.

पहिला नियम असा की तबकडी ड्राइव्हमध्ये ठेवून थेट तिच्यावरून संकलन करू नये. आधी सगळा मजकूर हार्ड डिस्कवर आणावा, आणि शक्यतो फोल्डर कॉपी न करता संपूर्ण तबकडीची आयएसओ प्रतिमा काढावी. कॉपी करताना ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा संदेश आला, तर ड्राइव्हला तो भाग वाचताच आला नाही असा त्याचा अर्थ. तबकडी मऊ, बिनधाग्याच्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल गोल पुसल्याने पडणारा ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि चूक दुरुस्त करण्याची ड्राइव्हची यंत्रणा त्याच्यापुढे हात टेकते. फोटो छापलेलं कागदी स्टिकर वर चिकटवलेलं असेल तर ते सोलायच्या भानगडीत पडू नये; माहिती साठवणारा थर त्याच्याबरोबर उचकटू शकतो.

पुसूनही काम झालं नाही तर दुसरा ड्राइव्ह वापरून पाहावा. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. याच गोष्टीचा शहाणा उपयोग जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन करतं. कोणते सेक्टर वाचले आणि कोणते राहिले याची नोंद ते एका नकाशा-फाइलीत ठेवतं. तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की फक्त राहिलेले सेक्टर पुन्हा वाचायला घेतं. रात्रभर चालू ठेवून सकाळी बघण्याचं हे काम आहे. तेवढा धीर असेल तर ‘गेली’ म्हणून टाकून दिलेल्या तबकड्यांतूनही बरंच काही परत मिळतं.

हँडीकॅमच्या आठ सेंटिमीटर व्यासाच्या छोट्या तबकड्यांचा स्वभाव आणखी निराळा. त्यावर १.४ जीबी मावतं. चित्रीकरणानंतर कॅमेऱ्यातच तबकडी ‘फायनलाइज’ करावी लागत असे. ते राहून गेलं असेल तर संगणकाला ती कोरी दिसते आणि घरात हळहळ सुरू होते. मजकूर असतो, जुना कॅमेरा चालू असेल तर त्यातच फायनलाइज करावी, नसेल तर आयसोबस्टरसारखं साधन अशा तबकड्या वाचतं. मात्र तबकडी आत ओढून घेणाऱ्या, ट्रे नसलेल्या ड्राइव्हमध्ये ही छोटी तबकडी कधीही घालू नये, ती आत अडकते. काही घरगुती रेकॉर्डरांवर ‘व्हीआर’ पद्धतीने मुद्रण झालेलं असतं. तिथे व्हीओबी शोधून सापडणार नाही. ‘डीव्हीडी_आरटीएव्ही’ फोल्डरमधली व्हीआरओ फाइल हाच तिथला व्हिडिओ.

प्रत हाती आली की तुकडे जोडणं. प्रत्येक व्हीओबी वेगळी टाइमलाइनवर ठेवून शेजारी शेजारी लावली, तर सांध्यावर दोन-चार चौकटी गळतात आणि आवाजाला झटका बसतो, कारण चौकटींचा एक गट अर्धा या फाइलीत आणि अर्धा त्या फाइलीत गेलेला असतो. मेकएमकेव्ही हे साधन आयएफओतला नकाशा वाचून पूर्ण लग्नाची एकच एमकेव्ही फाइल बनवतं. चित्र पुन्हा आवळलं जात नाही, त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही. तासाभराचं काम दहा-पंधरा मिनिटांत होतं.

याच पायरीवर आणखी एक विचित्र आजार बरा होतो. एमपेग फाइलीतल्या वेळेच्या शिक्क्यांसाठी ३३ बिटांची जागा असते आणि घड्याळ सेकंदाला ९०,००० टिचक्या मोजतं. म्हणजे ते साधारण साडेसव्वीस तासांनी पुन्हा शून्यावर येतं. डीव्हीडीत हे घड्याळ मधेच, नवा भाग सुरू झाला की, नव्याने चालू होऊ शकतं. प्लेअर आयएफओ बघून ते सांभाळतो. सुटी व्हीओबी घेणारा एडिटर मात्र पहिला आणि शेवटचा शिक्का बघून वजाबाकी करतो, आणि मग लांबी तेरा मिनिटं किंवा थेट सव्वीस तास दाखवतो. सव्वीस तासांच्या आसपासचा आकडा दिसला तर घाबरू नये, फाइल खराब झालेली नसते. मेकएमकेव्हीतून नव्याने काढावी, किंवा एफएफएमपेग या साधनाला वेळेचे शिक्के नव्याने मारायला सांगावं.

आता मीडियाइन्फो या छोट्या मोफत साधनात फाइल उघडून तिची कुंडली बघावी. भारतात बनलेल्या डीव्हीडीवर बहुधा असं दिसेल: एमपेग-२, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, इंटरलेस्ड, आवाज एसी-३ किंवा एमपेग ऑडिओ, ४८ किलोहर्ट्‌झ. अमेरिकेतल्या आत्याने पाठवलेल्या बारशाच्या डीव्हीडीवर मात्र ७२० बाय ४८० आणि २९.९७ असे आकडे असतील. दोन्ही एकाच टाइमलाइनवर घ्यायचे असतील तर ज्याचं फुटेज जास्त त्याच्या गतीची टाइमलाइन ठेवावी, आणि दुसऱ्याच्या हालचालीत थोडा अडखळेपणा येणार हे गृहीत धरावं.

एरर संदेशांच्या बाबतीत एडिटर फार शब्द खर्च करत नाहीत. प्रीमिअर ‘द इंपोर्टर रिपोर्टेड अ जेनेरिक एरर’ म्हणतं, म्हणजे काहीतरी बिघडलं एवढंच. केडेनलाइव्ह ‘क्लिप इज इनव्हॅलिड’ म्हणून क्लिप काढून टाकतं. रिझॉल्व्हमध्ये व्हीओबी अनेकदा फोल्डरात दिसतच नाही, म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही. व्हीओबीचं नाव बदलून शेवटी एमपीजी लिहायची जुनी युक्ती काही सॉफ्टवेअरमध्ये अजून चालते. दोन मिनिटांच्या क्लिपसाठी ती ठीक आहे. तासाभराच्या फुटेजला तिचा भरवसा धरू नये, कारण फाइल आतून तशीच राहते आणि दुखणं नंतर निर्यातीच्या वेळी वर येतं.

खरा उपाय मधल्या रूपाचा. डीव्हीडीवरच्या एमपेग-२मध्ये प्रत्येक चौकट पूर्ण साठवलेली नसते. बारा ते पंधरा चौकटींच्या गटात एक पूर्ण, बाकीच्या तिच्यापासूनचे फरक. पूर्ण चौकट खराब झाली की जवळजवळ अर्ध्या सेकंदाचं चित्र चौकोनी होतं, आणि कुठेही कात्री लावली की एडिटरला मागे जाऊन हिशेब करावा लागतो. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या रूपांत प्रत्येक चौकट स्वतंत्र असते. शटर एनकोडर हे मोफत साधन माऊसच्या चार क्लिकांत हे रूपांतर करून देतं. आतून ते एफएफएमपेगच वापरतं. आवाजही याच वेळी ४८ किलोहर्ट्‌झचा साधा पीसीएम करून घ्यावा. जागा मात्र लागते: डीव्हीडीवर २ जीबीत बसलेला तास प्रोरेस ४२२मध्ये साधारण १८ जीबी होतो. लॅपटॉपवर तेवढी जागा नसेल तर हँडब्रेकमधून उत्तम दर्जाची एच.२६४ फाइल काढावी. तिथे फ्रेमरेटसमोर ‘कॉन्स्टंट’ निवडायला विसरू नये. ‘व्हेरिएबल’ राहिलं तर चौकटींमधलं अंतर कमीजास्त होऊ शकतं आणि एडिटरमध्ये आवाज हळूहळू सरकू लागतो.

मुक्या क्लिपचं कारण बहुतेक वेळा एसी-३ असतं. डॉल्बीच्या या ध्वनिरूपाला एकेकाळी परवाना लागत असे. काही एडिटर ते उलगडायला ऑपरेटिंग सिस्टीमवर विसंबतात, आणि तिथेही सोय नसेल तर चित्र येतं, आवाज येत नाही, संदेशही येत नाही. वरचं पीसीएम रूपांतर झालं की हा प्रश्न संपतो. कधी तबकडीवर दोन ध्वनिपट्ट्या असतात आणि त्यातली रिकामी आधी उचलली जाते. मीडियाइन्फोत ते लगेच दिसतं.

आवाज आणि चित्र यांची फारकत हा सगळ्यांत चिवट प्रकार. लोक आवाजाची पट्टी अंदाजाने पुढेमागे ढकलत बसतात, पण आधी निदान करावं. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशी तीन ठिकाणं निवडावीत, जिथे आवाजाचं उगमस्थान डोळ्यांना दिसतं: वरातीतल्या ताशावर पडणारी काडी, भटजींचं ‘सावधान’, आहेर स्वीकारताना माइकवर झालेली टकटक. फरक तिन्ही ठिकाणी सारखा असेल तर आवाज वेगळा काढताना त्याचं सुरुवातीचं अंतर हरवलं आहे. पट्टी तेवढी सरकवली की झालं. फरक वाढत जात असेल तर गतीचा घोळ आहे. २९.९७ची फाइल ३०ची समजली गेली तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे शेवटाकडे नवरदेव ओठ हलवून थांबतो आणि मग उखाणा ऐकू येतो. इथे पट्टी सरकवून उपयोग नाही, योग्य गतीने पुन्हा रूपांतर करावं. आणि फरक एखाद्या ठिकाणी अचानक उडी मारत असेल, तर तिथे ओरखडा किंवा सांधा आहे. त्या बिंदूवर क्लिप कापावी आणि पुढचा भाग वेगळा जुळवावा. या तिसऱ्या प्रकारात आपोआप होणारा इलाज शोधण्यात वेळ घालवू नये, हाताने पाच मिनिटांत होतं.

चित्राच्या तक्रारी त्या मानाने सोप्या. नाचणाऱ्यांच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात ते इंटरलेसिंगमुळे: एका चौकटीत दोन वेगळ्या क्षणांच्या सम-विषम ओळी विणलेल्या असतात. मोठ्या टाइमलाइनवर चित्र ताणण्याआधी या ओळी सुट्या कराव्या लागतात. आधी ताणलं आणि नंतर डीइंटरलेस केलं तर रेघा कायमच्या बसतात. एफएफएमपेग आणि हँडब्रेक दोन्हींत ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ गाळणी आहे. ती ‘बॉब’ पद्धतीने वापरली तर २५ऐवजी ५० चौकटी मिळतात आणि हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशीच गुळगुळीत राहते. वरात एक पाऊल पुढे, एक मागे अशी थरथरताना दिसली तर ओळींचा क्रम उलटा धरला गेला आहे. पाल, म्हणजे आपल्याकडच्या २५ चौकटींच्या, डीव्हीडीवर बहुतेकदा वरची ओळ आधी असते, जुन्या मिनीडीव्ही टेपवर खालची.

माणसं बारीक किंवा लठ्ठ दिसली तर दोष पिक्सेलच्या आकाराचा. डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात. ७२० बाय ५७६ हेच आकडे असूनही ४:३ चित्राची रुंदी साधारण ७६८ आणि १६:९ची १०२४ व्हायला हवी. प्रीमिअरमध्ये ‘इंटरप्रिट फुटेज’ आणि रिझॉल्व्हमध्ये ‘क्लिप अॅट्रिब्यूट्स’ इथे ते बदलता येतं. ४:३ लग्नाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. पडदा भरावा म्हणून ते ताणायचा मोह अनेकांना होतो. मग मावशी सगळ्या लग्नात दहा किलोंनी वाढलेल्या दिसतात आणि कार्यक्रमानंतर त्याचा जाब विचारला जातो.

रंगांचाही एक छुपा घोटाळा आहे. डीव्हीडीचे रंग रेक. ६०१ या मानकाप्रमाणे साठवलेले असतात, एचडीचे रेक. ७०९प्रमाणे. रूपांतर न करता फक्त आकार वाढवला, तर प्लेअर ७०९ समजून रंग उलगडतो. लाल शालू किंचित नारिंगीकडे झुकतो आणि हिरवा चुडा गडद पडतो. सवयीने हात रंग-दुरुस्तीच्या चक्रांकडे जातो, पण रूपांतर करतानाच रंगमानक नीट सांगितलं तर त्याची गरज राहत नाही.

एवढं करूनही जुनी चूक दिसत राहिली तर एडिटरची स्मृती तपासावी. प्रीमिअर अशा एमपेग फाइलींची सूची आणि आवाजाच्या जादा प्रती ‘मीडिया कॅशे’ फोल्डरमध्ये ठेवतं. त्याच नावाची दुरुस्त फाइल त्याच जागी टाकली तरी कधी कधी जुनी सूचीच वापरली जाते. सॉफ्टवेअर बंद करून कॅशे रिकामी करावी, किंवा नव्या फाइलीला नवं नाव द्यावं. नाव देताना एक पथ्य: काही जुनी साधनं देवनागरी नावांवर अडखळतात, तेव्हा कामापुरतं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलेलं बरं.

केवळ पंगतीचा कंटाळवाणा अर्धा तास कापून टाकायचा असेल, तर एवढी यातायात कशाला? लॉसलेसकट किंवा अव्हिडेमक्स पूर्ण चौकटीपाशी कापून बाकीचं जसंच्या तसं जतन करतात. कात्री हव्या त्या क्षणापासून अर्धा सेकंद इकडेतिकडे पडते, एवढीच तडजोड.

तबकडी डीव्हीडी नसून व्हीसीडी असेल, आणि दोन हजारच्या आसपासच्या लग्नांत ती शक्यता बरीच असते, तर ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमध्ये डीएटी फाइली मिळतील. चित्र ३५२ बाय २८८, आवाज ४४.१ किलोहर्ट्‌झ. या तबकडीवर चित्राच्या भागासाठी चूक दुरुस्तीची तरतूद डीव्हीडीपेक्षा कमी असते, त्यामुळे लहान ओरखड्यानेही कॉपी थांबते. चित्र लहानच आहे. ते पूर्ण पडद्यावर ताणण्यापेक्षा मध्ये ठेवून भोवती जुन्या फोटोंची चौकट करणं अधिक शोभतं.

तयार झालेली फाइल हॉलवरच्या टीव्हीसाठी पेनड्राइव्हवर घालताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येऊ शकतो, जागा मोकळी दिसत असूनही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा किंवा निर्यात ४ जीबीच्या आत ठेवावी. हॉलवरचा टीव्ही जुना असेल तर एक्सफॅट त्याला वाचता येईलच असं नाही, तेव्हा एच.२६४ची ३ जीबीच्या आतली एमपी४ फाइल फॅट३२वरच घ्यावी आणि आदल्या दिवशी हॉलवर जाऊन लावून बघावी.